ओळ संपते, पान संपत नाही

साधी मजकूर-फाइल म्हणजे जिच्यात अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांखेरीज टंक, आकार, समास किंवा पान यांविषयी काहीही नोंदलेले नसते अशी फाइल. ती छापणे सर्वांत सोपे असले पाहिजे, असे कोणालाही वाटेल. परंतु डॉसच्या काळात डॉट मॅट्रिक्स प्रिंटर सोडून लेझर प्रिंटरकडे वळलेल्या वापरकर्त्यांना आलेला अनुभव याच्या नेमका उलट होता आणि प्रस्तुत लेखकही त्याला अपवाद नव्हता.

या अडचणींचे मूळ दोन यंत्रांच्या कार्यपद्धतींतील फरकात आहे. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर ओळ हाती आली की ती छापतो, कागद थोडा पुढे सरकवतो आणि पुढच्या ओळीची वाट पाहत थांबतो. लेझर प्रिंटरला असे मध्येच थांबता येत नाही, कारण प्रकाशसंवेदी ड्रमवर लेझर किरणाने उमटवलेली प्रतिमा, तिला चिकटणारी टोनरची भुकटी आणि ती कागदावर वितळवून पक्की करणारा तप्त रूळ ही साखळी एकदा सुरू झाली की पूर्ण पान बाहेर पडेपर्यंत चालूच राहते. साहजिकच, पान पुरे झाले आहे हे कळेपर्यंत प्रिंटर मजकूर स्मृतीत धरून ठेवतो. साध्या फाइलीला मात्र ओळ कोठे संपते एवढेच ठाऊक असते. परिणामी ‘कॉपी’ आज्ञेने फाइल ‘एलपीटी१’ या समांतर पोर्टकडे पाठवली की आधीची पाने सुरळीत बाहेर येत, शेवटचे अर्धवट पान आत अडकून राही आणि प्रिंटरवर नुसता दिवा लागलेला असे. यंत्र बिघडले असे समजून कोणी तीच फाइल पुन्हा पाठवली, तर दुसऱ्या प्रतीचा आरंभ पहिल्या प्रतीच्या शेवटाखालीच, त्याच कागदावर छापला जाई. प्रिंटर ‘ऑफलाइन’ करून ‘फॉर्म फीड’चे बटण दाबणे, किंवा फाइलीच्या अखेरीस १२ क्रमांकाचे पान-बदल चिन्ह घालणे, हा त्यावरील उपाय होता.

ओळीचा शेवट तरी सर्वत्र सारखा असावा, पण तसेही नव्हते. डॉसमध्ये ओळीच्या अखेरीस दोन चिन्हे असतात: १३ क्रमांकाचे चिन्ह छपाईचे स्थान डाव्या समासाकडे परत नेते आणि १० क्रमांकाचे चिन्ह ते एक ओळ खाली आणते. युनिक्समध्ये यांपैकी दुसरेच तेवढे वापरले जात असल्याने तेथून आलेली फाइल लेझर प्रिंटरवर जिन्याच्या पायऱ्यांसारखी उतरत जाई, म्हणजे प्रत्येक ओळ आधीची जेथे संपली तेथूनच खाली सुरू होई, आणि काही ओळींतच मजकूर उजव्या कडेपलीकडे जाऊन नाहीसा होई. ह्यूलेट-पॅकार्डच्या पीसीएल या प्रिंटर-भाषेत हे टाळण्याची आज्ञा होती. २७ क्रमांकाच्या ‘एस्केप’ चिन्हाने सुरू होणारी ती चार-पाच चिन्हे फाइलीच्या आरंभी घातली की प्रिंटर दोन्ही कामे आपण होऊन करी.

सर्वांत चिवट अडचण पानाच्या उंचीची होती आणि ती उशिरा ध्यानात येई. जुन्या हिशेबी प्रोग्रॅमांनी ११ इंची सलग कागद आणि इंचाला ६ ओळी असे गृहीत धरून पान ६६ ओळींचे मानले होते, व त्यांपैकी अनेक प्रोग्रॅम पान-बदल चिन्ह न वापरता रिकाम्या ओळी सोडून पुढच्या पानावर जात. लेझर प्रिंटर वर-खाली अर्धा अर्धा इंच समास राखत असल्याने त्याच्या ए४ पानावर ६४ ओळीच मावत. उरलेल्या दोन पुढच्या पानावर ढकलल्या जात, त्यामुळे प्रत्येक पानाचा मथळा आधीच्यापेक्षा दोन ओळी खाली घसरे आणि लांबलचक खतावणीत तो पानाच्या मध्यावर येऊन बसे. रुंदीचीही तीच कथा होती. इंचाला १० अक्षरे या मापाने ए४ कागदावर ७८ अक्षरेच बसत, तर डॉसचा पडदा ८० अक्षरांचा होता. त्या दोन अक्षरांसाठी पुढे ह्यूलेट-पॅकार्डच्या प्रिंटरांत ‘वाइड ए४’ ही स्वतंत्र निवड द्यावी लागली. अमेरिकी लेटर कागद पायाभूत मानून आखलेल्या यंत्रणेत ए४ वापरणाऱ्या देशांना हे सोसावे लागले, असे म्हणणे अन्यायाचे ठरणार नाही.

मराठी मजकुराची गत याहून वेगळी होती. १९८४ साली आलेला पहिला लेझरजेट इंचाला ३०० ठिपके छापत असला तरी त्याची स्मृती १२८ किलोबाइटची होती आणि पूर्ण पानाच्या चित्राला सुमारे १ मेगाबाइट लागे. इंग्रजी मजकूर छापला जाई तो प्रिंटरमध्येच बसवलेल्या टंकांच्या बळावर. देवनागरीचा टंक त्यात नव्हता. त्यामुळे १९९१ साली भारतीय मानक ठरलेल्या इस्की संकेतातील फाइल थेट पाठवली, तर अक्षरांच्या जागी स्वरचिन्हे लावलेली युरोपीय अक्षरे किंवा चौकटींच्या रेघा उमटत. युनिकोडनेही हे बदललेले नाही, कारण यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागतात आणि ‘मराठी’ या शब्दाचे पंधरा बाइट प्रिंटरला पंधरा निरनिराळी चिन्हे वाटतात. शिवाय जोडाक्षरे जुळवण्याचे व वेलांटी योग्य जागी नेण्याचे काम त्याला येत नाही. ते संगणकावर उरकून तयार रूपच प्रिंटरकडे पाठवावे लागते. विंडोजमधील नोटपॅड हेच करते, मात्र न विचारता पानाच्या माथ्यावर फाइलीचे नाव आणि तळाशी पृष्ठांक छापते, म्हणून छपाईपूर्वी ‘पेज सेटअप’मधील ते दोन्ही रकाने मोकळे करून घ्यावे लागतात.