हलगी कुणासाठी वाजवायची?

सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या कुडाळ तालुक्यात पिंगुळी हे गाव आहे. तिथे ठाकर आदिवासी समाजातल्या परशुराम गंगावणे यांनी आपल्या गुरांच्या गोठ्यातच कलादालन उभे केले. नाव 'ठाकर आदिवासी कला आंगण'. चित्रकथीच्या पोथ्या, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या, सगळे तिथे आहे आणि घरातलीच माणसे ते जिवंत ठेवतात. २०२१ मध्ये गंगावणे यांना पद्मश्री जाहीर झाली.

ते पाहून आम्ही परतलो तेव्हा डोक्यात एकच प्रश्न होता. आपल्या वस्तीत असे आंगण का नाही? विहारामागची पत्र्याची खोली रिकामीच आहे. आम्ही बैठक बोलावली आणि यादी वाचली: गोधड्या, जात्यावरच्या ओव्या, जलशाची गाणी, हलगी.

हलगीचे नाव निघताच कोपऱ्यात बसलेले आबा उठले. "पोरांनो, ती गळ्यातून उतरवायला आमची हयात गेली. तुम्ही पुन्हा घालून घेता?"

बैठक गप्प झाली. आबांचे चुकले नव्हते. गावात कुणाचे लग्न, कुणाची मयत, देवाची पालखी, निरोप आला की त्यांच्या वडिलांना हातातला घास टाकून वाजवायला जावे लागे. मोबदल्यात शिळी भाकरी आणि वरून शिवी. त्याला कला म्हणणारे लोक ओसरीवर बसलेले असत, वाजवणारा अंगणाबाहेर उभा असे. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने रद्द झाली, पण गावकीची सवय कायद्याने लगेच जात नाही. ती आमच्या बापजाद्यांनी नकार देऊन घालवली.

मग कला सोडायची का? आमचे उत्तर नाही असे आहे. बाबासाहेबांनी जातीने लादलेले काम नाकारायला शिकवले, गाणे नाकारायला नव्हे. भीमराव कर्डकांच्या जलशांनी तीच लोककला घेतली, पण गण-गवळणीच्या जागी बाबासाहेबांचा विचार ठेवला. वाद्य तेच, मालक बदलला. वामनदादांनी गावोगाव फिरून तेच केले. प्रल्हाद शिंदे यांच्या घरात तर गाणे मुलांकडे आणि नातवांकडे गेले. ते गावकीच्या हुकमाने नव्हे.

म्हणून आमची कसोटी सरळ आहे. ही कला कुणाच्या हुकमावर चालते? पोराला ती सोडून डॉक्टर होण्याची मोकळीक आहे का? दुसऱ्या जातीचे पोर ती शिकायला येईल का? तिन्ही उत्तरे नीट मिळाली तरच ती संस्कृती, नाहीतर ती रंग लावलेली गावकी. पिंगुळीबद्दलही आपण हेच विचारायला हवे, आणि स्वतःबद्दल आधी.

आम्ही हलगीचा आग्रह सोडला. आबांना दुखवून आंगण उभे राहत असेल तर ते आमचे कसे?

पुढच्या रविवारी आबा आपणहून आले. हलगी नाहीच म्हणाले. पण त्यांची आई दळताना बाबासाहेबांवर ओव्या रचायची, त्यातल्या सात त्यांना आठवत होत्या. ते सांगत गेले, नात वहीत लिहीत गेली. आंगणातली पहिली वस्तू ती वही आहे.

तुमच्या घरात अशी वही आहे का? नसेल तर आजी-आजोबा आहेत तोवर बसा.

जय भीम!