रेडग्रेव्हची पाणथळ आणि तिचा तराफा-कोळी

इंग्लंडच्या पूर्वेस, सफोक आणि नॉरफोक या परगण्यांच्या सीमेवर रेडग्रेव्ह-लोपहॅम ही पाणथळ भूमी आहे. वेव्हनी आणि लिटल ऊझ या दोन नद्या येथेच उगम पावतात. एक पूर्वेस वाहते, दुसरी पश्चिमेस. लव्हाळ्यांच्या दाटीत काळसर पाण्याचे लहानमोठे खड्डे दिसतात. पूर्वी गावकरी जळणासाठी येथील पीट, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींची काळी माती, कापून नेत. त्या कापणीच्या जागी पाणी साठत गेले.

1956 साली एरिक डफी या शास्त्रज्ञास येथे एक मोठा पाणकोळी आढळला. ब्रिटनमधील ही त्या जातीची पहिली नोंद होय. तपकिरी अंग, दोन्ही बाजूंस फिकट पट्टे आणि पाय पसरले असता सुमारे 7 सेंटीमीटर विस्तार. पाण्यावर तराफ्यासारखा राहणारा हा कोळी पायांनी तरंग ओळखून भक्ष्य टिपतो. मादी अंड्यांची पिशवी सुमारे तीन आठवडे तोंडात धरून वागवते, मधूनमधून पाण्यात बुडवून ओली ठेवते आणि शेवटी पाण्यावरील पानांत जाळ्याचा तंबू विणून पिल्लांवर पहारा देते. तिचे सारे आयुष्य पाण्याच्या पातळीशी बांधलेले आहे.

त्याच दशकाच्या अखेरीस पाणथळीच्या कडेला सार्वजनिक पाणीपुरवठ्यासाठी विंधनविहीर खोदली गेली. भूजल खाली गेले, झरे आटले, कोरड्या भूमीत झुडपे शिरली आणि कोळी मोजक्या खड्ड्यांपुरता उरला. 1981 च्या कायद्याने त्यास मारणे वा पकडणे हा गुन्हा ठरविला; परंतु त्यास मारायला कोणी जातच नव्हते. पंप मात्र पुढे अठरा वर्षे चालू राहिला. त्याचे पाणी माणसांच्याच घरी जात होते, म्हणून दोष तरी कोणास द्यावा?

अखेर 1999 साली ती विहीर दूर हलविली गेली. झुडपे काढली, वरची बिघडलेली माती खरवडली, गवत आटोक्यात ठेवण्यासाठी तट्टे चरावयास सोडली. पाणी परतले, तरी कोळ्यांची संख्या वाढेना. तेव्हा हेलन स्मिथ या अभ्यासिकेने घरच्या स्वयंपाकघरात हजारो पिल्ले वाढविली. ती एकमेकांस खातात, म्हणून प्रत्येकास स्वतंत्र काचनळी आणि आहारास फळमाश्या! पुढे प्राणिसंग्रहालयेही या कामी आली. 2010 पासून ही पिल्ले वेव्हनीच्याच खालच्या अंगास, कॅसल मार्शेसच्या चरांत सोडण्यात आली. तेथे ती रुजली आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांचे तंबू पाण्यावर दिसू लागले.

जगभरात ही जात आजही असुरक्षित गणली जाते. जिवावर शस्त्र उचलले नाही म्हणजे तो वाचला, असे रेडग्रेव्हचा इतिहास सांगत नाही. त्याच्या पायाखालचे पाणी कोण उपसत आहे, हेही पाहावे लागते. आणि वेळीच पाहिले, तर माणसाची तहान भागवूनही ते त्यास परत देता येते.