भाऊजींचं मिग आणि पाण्यातली चित्रं

शिलाई मशीनवरची सोनेरी वेलबुट्टी कुणी हाताने रंगवत नसे, ती कागदावरून उठवलेली असे, हे आमच्या पिढीला ठाऊक आहे. तीच विद्या सत्तरी ओलांडल्यावर घरी करायची वेळ येईल असं मात्र वाटलं नव्हतं!

निमित्त आमच्या भाऊजींचं, म्हणजे धाकट्या दिरांचं. त्यांची सारी नोकरी ओझरला, एच.ए.एल.मध्ये. १९६४ साली हा कारखाना उभा राहिला तोच मिग-२१ साठी. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला ही विमानं हवाई दलातून निवृत्त झाली, तेव्हा भाऊजी टीव्हीसमोरून हलले नाहीत. मग नातवाने एकास बहात्तर मापाचं मॉडेल आणून दिलं. वीतभर विमान! पण त्यातली चिन्हं परदेशी हवाई दलाची. भाऊजींना हवं होतं आपलं चक्र, आणि त्यांच्या जुन्या वहीत लिहून ठेवलेला एका विमानाचा क्रमांक. त्यांचा हात आता थरथरतो. म्हणाले, "वहिनी, फळ्यावर तुमचं अक्षर मोत्यासारखं. हे तुम्हीच करा."

अक्षराचा इथे काही उपयोग नव्हता म्हणा, काम प्रिंटरचं. हा कागद वेगळा मिळतो. खाली साधा कागद, त्यावर पाण्यात विरघळणारा डिंकाचा थर आणि वर पातळ पापुद्रा. छपाई पापुद्र्यावर, आणि सरळच करायची, उलटी नाही. आपल्या चक्रात बाहेर केशरी, मग पांढरं, आत हिरवं. आता गंमत बघा, घरच्या प्रिंटरला पांढरी शाईच नसते! तो पांढरी जागा कोरी सोडतो. पारदर्शक कागद घेतला तर मधून विमानाचा करडा रंग दिसणार. म्हणून चक्रं पांढऱ्या कागदावर छापली आणि काळा क्रमांक पारदर्शकवर, नाहीतर प्रत्येक आकड्याभोवती पांढरी किनार कातरत बसावं लागलं असतं. आधी साध्या कागदावर छापून, विमानाला लावून माप पाहिलं. कागद महाग, पानभर चक्रं एकदम छापून घेतली.

इंकजेटची शाई पाण्यात फुटते. त्यामुळे छापलेलं पान रात्रभर वाळवून त्यावर पारदर्शक लॅकरचे तीन हलके फवारे मारायचे, प्रत्येक वेळी वाळू देऊन. जाड फवारा मारला तर शाई पसरते. वास फार उग्र, सगळं गच्चीवर केलं.

मग चक्र कापून कोमट पाण्यात अर्धा मिनिट, आणि बाहेर काढून थोडं थांबायचं. बोटाने ढकलल्यावर पापुद्रा सरकला की तयार! ओल्या पंखावर ठेवायचा, कुंचल्याने जागी न्यायचा, आणि कापसाने मधून कडेकडे पाणी काढायचं. कापलेल्या कडेची पांढरी रेघ नातवाने केशरी रंगाने झाकली.

क्रमांक शेवटी. भाऊजी भिंग घेऊन शेजारी बसले होते, वही मांडीवर. "थोडा मागे घ्या वहिनी... अजून... बस्स!" मग बराच वेळ काही बोलले नाहीत. वाळायला ठेवलेलं विमान त्यांनी कुणाला हलवू दिलं नाही. जेवणाचं ताट त्या दिवशी दुसऱ्या टेबलावर मांडलं.

पानावर अजून अकरा चक्रं उरली आहेत. भाऊजींचे दोन जुने सहकारी इथेच पंचवटीत राहतात, त्यांच्या वह्याही निघाल्या आहेत म्हणे.