नऊ माणसांचे देणे

साठी उलटलेल्या पुणेकराने काय करावे, याविषयी आमच्या शनिवार पेठेत काही ठाम समजुती आहेत. सकाळी पर्वती चढावी, दुपारी वर्तमानपत्राला नावे ठेवावीत आणि संध्याकाळी बाकावर बसून सरकारला सल्ला द्यावा. डोक्याला रुंद कडांची हॅट, कमरेला दोन रिव्हॉल्व्हर आणि पायांत उंच टाचांचे बूट घालून टेक्ससच्या माळावर उभे राहावे, हे त्यात कुठेच बसत नाही. तरीही महिन्यातून एका शनिवारी मी तेच करतो. माझी बायको पुण्याच्या नणंदेला फोनवर, "हे जरा बाहेर गेलेत," एवढेच सांगते. कुठे आणि कशासाठी, हे सांगायला तिची जीभ रेटत नाही.

तीस वर्षांपूर्वी नोकरीच्या निमित्ताने आम्ही इकडे आलो आणि इथलेच झालो. निवृत्तीनंतर मी अंगणात नुसताच येरझाऱ्या घालतो हे पाहून शेजाऱ्याला माझी दया आली असावी. एक दिवस तो म्हणाला, "माझ्या बंदुका घे, पण माझ्याबरोबर चल." मी गेलो, आणि फसलो!

या खेळाला 'काउबॉय ॲक्शन शूटिंग' म्हणतात. १९८० नंतरच्या काही वर्षांत कॅलिफोर्नियात तो सुरू झाला, आणि १९८७ साली त्याची 'सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटी' स्थापन झाली. जो सभासद होईल त्याने एक टोपणनाव घ्यायचे, आणि ते दुसऱ्या कोणाचे असता कामा नये. मी 'पूना पीट' झालो. पोशाख एकोणिसाव्या शतकातल्या पश्चिम अमेरिकेचा. हत्यारेही त्याच घडणीची: दर बारीला अंगठ्याने घोडा मागे ओढावा लागणारी दोन रिव्हॉल्व्हर, खालचा दांडा मागेपुढे करून चालणारी रायफल आणि एक दुनळी बंदूक. माणसावर कोणी नेम धरीत नाही, हे आधीच सांगून टाकतो. समोर पोलादी पत्रे असतात, गोळी लागली की 'टण्ण' वाजतात. मागे लाकडी बँक, तुरुंग आणि सलून यांचे देखावे. प्रत्येक देखाव्यापुढे एक प्रवेश. किती सेकंदांत आटोपला ते मोजायचे, आणि जितके नेम चुकतील तितके पाच-पाच सेकंद वर चढवायचे. ज्याची बेरीज सर्वांत कमी, तो जिंकला.

आता माझ्यासारख्या बेताच्या नेमबाजाला एका प्रवेशाला अर्धा मिनिट लागतो. दिवसाचे प्रवेश पाच. म्हणजे सगळा मिळून खेळ अडीच मिनिटांचा! आणि आम्ही माळावर असतो चार-साडेचार तास. मग उरलेला वेळ जातो कुठे?

तो जातो कामात. अठरा-वीस माणसांची एक तुकडी असते. तिला 'पॉसी' म्हणतात. एक माणूस नेम धरतो तेव्हा त्याच्यासाठी नऊ माणसे लागतात. एकजण बंदुकीचा आवाज टिपणारे घड्याळ घेऊन त्याच्या हाताशी उभा राहतो, त्याच्या सुरक्षिततेची जबाबदारी याची. तिघे नेम किती चुकले ते मोजतात. तिघांतल्या दोघांचे जे मत ते खरे, आणि शंकेचा फायदा नेमबाजाला. एक आकडे लिहितो. एक भरण्याच्या टेबलाशी असतो: सहा घरांच्या रिव्हॉल्व्हरात पाचच काडतुसे आहेत ना, घोडा रिकाम्या घरावर टेकला आहे ना, हे तो पाहतो. एक रिकामे करण्याच्या टेबलाशी असतो. चारही हत्यारे रिकामी झाल्याचे त्याच्या डोळ्यांना दिसल्याशिवाय तिथून कोणी हलायचे नाही. आणि दोघे पुंगळ्या वेचतात.

रिव्हॉल्व्हरच्या पुंगळ्या आतच राहतात आणि टेबलाशी बाहेर पडतात. पण रायफलीच्या दहा आणि दुनळीच्या चार अशा चौदा पुंगळ्या दर माणसामागे जमिनीवर सांडतात. अठरा माणसांच्या दोनशे बावन्न. पाच प्रवेशांच्या बाराशे साठ. पितळी पुंगळी लोक पुन्हा भरून वापरतात, म्हणून वेचून ज्याची त्याला द्यायची. नेमबाज हत्यारांसह बाजूला झाला आणि रेंज मोकळी असल्याची हाक आली की उन्हात पुढे जाऊन, वाकून.

ही सगळी कामे हौशीची. पगारी माणूस एकही नाही. आमच्या तुकडीचे मार्शल, म्हणजे प्रमुख, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे निवृत्त शाळामास्तर. प्रवेश सुरू होण्यापूर्वी ते विचारीत, "आता कोण कोण मदत करील?" चार-पाच हात वर होत. ते नेहमीचेच. बाकीची मंडळी आपापल्या बंदुकांच्या गाड्यांजवळ खुर्च्या टाकून गप्पांत रमलेली. आणि पुंगळ्यांसाठी कोणीच पुढे आले नाही की मार्शल स्वतः काठीला लावलेला चिमटा उचलीत.

मी? पहिले सहा महिने मी पाहुणा होतो. नवख्याला कोणी काम सांगत नाही. सहा महिन्यांनी पाहुणेपण संपायला हवे होते, ते मी संपू दिले नाही. अगदीच लाज वाटली तर आकडे लिहायला बसे. ते काम सावलीतले, शिवाय हिशेबाचे. पुंगळ्यांच्या वाटेला मी गेलो नाही. कंबर दुखते असे सांगे. खरे कारण कंबर नव्हते. जमिनीवर सांडलेले वाकून वेचणे हे आपले काम नव्हे, ते करायला दुसरे कोणीतरी असते, ही समजूत मी पुण्याहून सामानाबरोबर आणली होती. वाड्यातल्या गणेशोत्सवात पाच वर्षे मी कार्यक्रमांचे निवेदन केले. ते आठवते, लोक वाहवा करीत तीही आठवते. रात्री साऱ्या सतरंज्या झटकून कोण गुंडाळी, ते आठवण्याचा अलीकडे मी पुष्कळ प्रयत्न केला. नाव आठवत नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरातली गोष्ट. ऊन मी म्हणत होते. त्या दिवशी मार्शलनी मला रिकामे करण्याच्या टेबलाशी उभे केले. पाच-सहा जण व्यवस्थित पार पडले. तेवढ्यात शेजाऱ्याने हाक मारली. त्याने जुन्या घडणीची नवी रायफल घेतली होती. पुढच्या माणसाला अजून वेळ आहे, असे म्हणून मी दहा पावले गेलो. रायफल सुरेख होती. मी ती हातात घेतली, खांद्याला लावून पाहिली, लाकडाची तारीफ केली.

मागे वळून पाहतो तो टेबलाशी मार्शल उभे! एकजण नेम संपवून टेबलाशी आला होता. तिथे कोणी नाही असे पाहून त्याने रिव्हॉल्व्हर रिकामी केली, आणि रायफल रिकामीच आहे अशा समजुतीने ती तशीच उचलून तो गाडीकडे निघाला होता. वेचलेल्या पुंगळ्यांची बादली घेऊन मार्शल त्याच वाटेने येत होते. त्यांनी त्याला थांबवले, नळी मोकळ्या माळाकडे करायला लावली आणि दांडा ओढायला सांगितले. टेबलावर एक काडतूस पडले. जिवंत. दहा झाडायच्या ऐवजी त्याने नऊच झाडली होती. आणि तो निघाला होता त्या गाड्यांपाशी बायका-मुले सरबत पीत बसली होती.

मार्शल मला रागावले असते तर बरे झाले असते. त्यांनी ते काडतूस माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाले, "मी इथे उभा राहतो. तुम्ही पाणी पिऊन या." त्यांच्या कपाळावरून घाम निथळत होता, आणि बादली अर्धी भरलेली होती.

त्या रात्री जेवण गेले नाही. बायकोला सगळे सांगितले. तिने मध्ये एक शब्द बोलून अडवले नाही. शेवटी म्हणाली, "तुम्ही टेबल सोडलंत ही तुमची चूक. पण सकाळपासून त्या म्हाताऱ्या माणसाने बादली उचलावी, ही सगळ्यांची."

मग तिने मला एक गोष्ट ऐकवली. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळी फराळानंतर भांडी आणि केर ही दोन कामे अनेक वर्षे तिच्या अंगावर होती. "'कोण येतं मदतीला?' असं विचारलं की तीच चार माणसं उठतात. ज्यांना ऐकू येत नाही त्यांना कधीच येत नाही. म्हणून विचारायचंच नाही. नाव वाचायचं."

पुढच्या महिन्यात आम्ही दोघे एक फळा आणि कपडे वाळत घालायचे अठरा चिमटे घेऊन गेलो. दर चिमट्यावर एक नाव. मार्शल हसले, म्हणाले, "करून पाहा."

पहिला प्रयत्न साफ फसला. सर्वांना सर्व कामे सारखी, असा माझा बाणेदार न्याय होता. त्यामुळे कृत्रिम गुडघा बसवलेले एक एक्याऐंशी वर्षांचे गृहस्थ पुंगळ्यांवर आले आणि एकदा वाकले ते कोणी हात दिल्याशिवाय उठेनात. घड्याळ गेले एका नवशिक्या पोराच्या हाती. तो नेमबाजापासून इतका लांब उभा राहिला की वेळ पडली असती तर त्याचा हात पोचला नसता. मार्शलनी मुकाट्याने घड्याळ परत घेतले. सारखे वाटले म्हणजे न्याय्य वाटले असे नव्हे, हे मला त्या दिवशी कळले.

दुपारी बायकोने चिमटे पुन्हा लावले. घड्याळ आणि दोन्ही टेबले फक्त सुरक्षिततेचे नियम शिकून तयार झालेल्यांना. गुडघे-कंबर खरोखर गेलेल्यांना मोजणी आणि लिखाण. बाकी सर्वांना पुंगळ्या, पाळीपाळीने. क्रम नेमबाजीच्याच क्रमाला बांधलेला: स्वतःचा नेम झाला, हत्यारे ठेवून आलास, की पुढचे काम तुझे, स्वतःची पाळी जवळ आली की सुटका. आणि एक नियम मी माझ्या हाताने फळ्यावर वर लिहिला: दुसरा माणूस येऊन उभा राहीपर्यंत टेबल सोडायचे नाही.

सगळे गोड झाले असे मी सांगणार नाही. आमच्या तुकडीत एक फार उत्तम नेमबाज होता. माझ्या निम्म्या वेळात तो प्रवेश उरकी. पुंगळ्यांवर स्वतःचे नाव पाहून तो म्हणाला, "मी इथे नेमबाजीला येतो, झाडलोटीला नाही." मला दचकायला झाले. इंग्रजीत बोलला, पण वाक्य माझेच होते!

मी त्याला हिशेब सांगितला. "तुम्ही पंधरा सेकंद नेम धरता तेव्हा नऊ माणसे तुमच्यासाठी उभी असतात. आपण अठराजण आहोत, आणि दर माणसामागे नऊ कामे, म्हणजे एकशे बासष्ट पाळ्या. अठरांनी भागा. नऊच येतात. नऊजण तुमच्यासाठी राबले, तुम्ही नऊजणांसाठी राबायचे. कमी नाही, जास्त नाही. तुम्ही केले नाही तर ते नाहीसे होत नाही. दुसऱ्याच्या नऊचे अठरा होतात."

तो काही बोलला नाही. त्या दिवशी त्याने काम केले. पण पुढच्या महिन्यात आला नाही, आणि त्यानंतरही नाही. मला वाईट वाटले. त्याचा नेम पाहण्यात आनंद होता. पण मार्शलना त्याच्यामागे वाकलेले पाहण्यात नव्हता.

गेल्या महिन्यातही गेलो होतो. ऊन जरा निवले होते. तिसऱ्या प्रवेशाला माझा चिमटा पुंगळ्यांवर होता. रेंज मोकळी असल्याची हाक आली, मी बादली घेऊन पुढे झालो. पहिल्यांदा लाज वाटली होती, आता वाटत नाही. कंबर मात्र खरोखरच दुखते. परतताना पाहिले तर मार्शल गाडीशेजारी खुर्ची टाकून, हॅट मांडीवर ठेवून, गार चहा पीत बसले होते. त्यांच्या नऊ पाळ्या झाल्या होत्या. इतक्या दिवसांत त्यांना बसलेले मी प्रथमच पाहत होतो.

घरी आल्यावर बायकोला सांगितले. ती म्हणाली, "बरं झालं." आणि जेवणानंतर नेहमीप्रमाणे भांड्यांकडे वळली. मी उठलो. या घरात दोनच माणसे आहेत. भागाकार अगदी सोपा आहे. तो करायला मला इतकी वर्षे का लागली, हे तिने अजून विचारलेले नाही.