यंत्राचा दुभाषी

संगणकाचा पडदा बिघडला कीं कार्डावर दोष ठेवून मोकळें होण्याची रीत अलीकडे फार बोकाळली आहे. आम्हांस ती पसंत नाहीं. कारण तिचा भुर्दंड गरिबास पडतो.

संगणकाची मूळ प्रणाली व त्याचे निरनिराळे भाग ह्यांची भाषा एक नव्हे. दोहोंमधील बोलणें जो प्रोग्राम पोहोंचवितो, त्यास ड्रायव्हर म्हणतात. कोणी त्यास 'सारथी' म्हणेल. आमच्या मतें 'दुभाषी' हाच शब्द यथार्थ होय. दुभाषी गैरहजर असला तर धडधाकट मनुष्यहि मुका ठरतो.

२०२४ च्या जूनमध्यें आमच्या वसतिगृहाच्या अभ्यासिकेंतील संगणकावर विंडोज १० नव्यानें घातलें, तेव्हां असेंच झालें. अक्षरें लठ्ठ व अस्पष्ट दिसूं लागलीं. त्या खोलींत इंटरनेट नव्हतें; म्हणून योग्य ड्रायव्हर विंडोजला आपण होऊन आणतां आले नाहींत. एका दुकानदारानें एनव्हिडियाचा सर्वांत नवा ड्रायव्हर घालून पाहिला. 'जुळणारें हार्डवेअर सांपडलें नाहीं', असें उत्तर येतांच त्यानें कार्ड मेल्याचा निकाल दिला आणि नव्या कार्डाची किंमत सांगितली. तेवढ्यांत तीन मुलांच्या वर्षाच्या वह्या येतात.

दहावीच्या दोन मुलांस हाताशीं घेऊन आम्ही डिव्हाइस मॅनेजर उघडला. कार्डाच्या जागीं 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' हें नांव होतें. म्हणजे बदली दुभाषी कसेंबसें काम रेटीत होता. शिवाय 'एसएम बस कंट्रोलर' वगैरे नांवांवर पिवळीं चिन्हें होतीं. तीं मदरबोर्डाच्या चिपसेटपैकीं. 'डिटेल्स' ह्या पानावर 'हार्डवेअर आयडी' पाहिला, तों कार्डाच्या उत्पादकाचा क्रमांक १०डीई, म्हणजे एनव्हिडिया, असा स्वच्छ लिहिलेला. जें आपलें कूळ सांगतें तें मेलें कसें? एएमडीचा क्रमांक १००२ आणि इंटेलचा ८०८६. इंटेलच्या १९७८ मधील प्रसिद्ध प्रोसेसरचें नांवहि ८०८६ च. मुलांस ह्याची मोठी मौज वाटली.

कार्ड जीटी ७१० होतें. तें केप्लर कुळांतील. आणि २०२१ च्या अखेरीपासून निघालेल्या नव्या ड्रायव्हरांत एनव्हिडियानें हें कूळ घेतलेलें नाहीं. नव्या दुभाष्यास जुनी भाषा येत नव्हती, इतकेंच. हवी होती ती ४७० ची मालिका.

परंतु कार्डाचें बोलणें प्रोसेसरपर्यंत बोर्डावरूनच जातें. म्हणून आधीं चिपसेट, मग कार्ड, हा क्रम आम्ही पाळतों. बोर्डावर छापलेला नमुना-क्रमांक वाचून इंटेलचा संच आणला व घातला. तेव्हां एक मुलगा म्हणाला, "सर, ह्याची तारीख १८ जुलै १९६८ आहे! चुकीचा तर नाहीं?" शंका रास्त होती. इंटेलच्या ह्या संचांत बव्हंशीं प्रोग्राम नसतोच. कोणत्या भागास काय म्हणावें ह्याची ती यादी असते. तिनें खऱ्या ड्रायव्हरची जागा बळकावूं नये म्हणून तिजवर मुद्दाम जुनी, इंटेलच्या स्थापनेची, तारीख घातलेली असते. मायक्रोसॉफ्टहि ह्याच हेतूनें स्वतःच्या ड्रायव्हरांवर २१ जून २००६ ही तारीख घालतें. केवळ तारीख पाहून ड्रायव्हर बदलीत सुटणारे लोक येथें हटकून फसतात.

संगणक बंद करून पुन्हा चालू केला. पिवळीं चिन्हें गेलीं होतीं. मग ४७० मालिकेंतील ड्रायव्हर घातला. पडदा क्षणभर काळा झाला, आणि १९२० बाय १०८० चें रेखीव चित्र उमटलें. दोन्ही संच एका पेन ड्राइव्हवर उतरवून मुलांनीं त्यावर बोर्डाचा क्रमांक चिकटविला. कार्डासाठीं काढलेल्या पैशांतून वह्या आल्या, आणि भूगोलाचा एक नकाशाहि.