वऱ्हाड घेऊन वऱ्हाडात

आमच्या कोल्हापुरात उत्तर दिशा साताऱ्याला संपते. पुण्याला माणसे कामापुरती जातात, मुंबईला नशीब काढायला जातात; त्यापलीकडचा मुलूख भूगोलाच्या पुस्तकात असतो आणि तिथे मुली द्यायच्या नसतात. त्यामुळे वीसेक वर्षांपूर्वी माझे लग्न अमरावतीला ठरले, तेव्हा थोरल्या आत्यांनी आबांना विचारले, "का रे, जवळपासची स्थळं समदी संपली काय?" आबांनी त्यांच्यापुढे नकाशा पसरला. नकाशा पाहून आत्या अधिकच घाबरल्या.

लग्न मुलाच्या गावी. तेव्हा आमचे वऱ्हाड वऱ्हाडात न्यायचे होते. महाराष्ट्र एक्स्प्रेसने दुपारी कोल्हापूर सोडले. मिरज झाली, पुणे झाले, पहाटेच्या सुमारास मनमाडही गेले. सकाळी भुसावळ मागे पडले, तोवर दशम्या संपत आल्या होत्या आणि आत्यांचा धीरही. अकोल्याला गाडी थांबली तशी त्यांनी समोरच्या टोपीवाल्या गृहस्थांना विचारले, "हे अजून महाराष्ट्रच आहे न्हवं?" गृहस्थ गंभीरपणे म्हणाले, "गाडीचं नावच महाराष्ट्र एक्स्प्रेस आहे ना बाई. थे गोंदियापर्यंत महाराष्ट्र सोडत नाही." मग त्यांनी पुडक्यातली कचोरी पुढे केली. आत्यांनी ती 'नको, नको' म्हणत दोनदा घेतली. बडनेऱ्याला उतरताना आत्यांचे मत थोडे निवळले होते.

वऱ्हाडची कीर्ती लेकींमुळे झालेली आहे. लोपामुद्रा, दमयंती, रुक्मिणी, सगळ्या इथल्याच. वर्धेच्या काठचे कौंडिण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर, आणि अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळातून श्रीकृष्णाने तिला पळवून नेले, असे इथे लहान मूलही सांगते. आजही आषाढीला रुक्मिणीची पालखी कौंडिण्यपुराहून पंढरपूरला जाते. मात्र वऱ्हाडात आलेल्या सुनांविषयी पुराणे अगदी गप्प आहेत. ती उणीव भरून काढावी, म्हणून हा खटाटोप.

सासरच्या स्वयंपाकघरात माझी पहिली परीक्षा झाली. सासूबाई म्हणाल्या, "बाई, वरणात सांभार टाकजो." मी एम. ए. झालेली, पण वरणात सांबार टाकायचे कसे ते मला उलगडेना. दोन्ही डाळीचेच पदार्थ! अर्धा तास विचार करून मी शेजारच्या हॉटेलातून वाटीभर सांबार आणवले. घरात त्या दिवशी जो हशा पिकला, त्याचे पडसाद अजून लग्नकार्यांतून ऐकू येतात. वऱ्हाडात सांभार म्हणजे कोथिंबीर. आलू म्हणजे बटाटा, हे मग मी अनुभवाने शहाणी होऊन आधीच विचारून घेतले.

पण खरा पेच क्रियापदांचा होता. वाचकहो, आमच्या कोल्हापूरच्या बायका 'मी आलो, मी जेवलो' म्हणतात. वऱ्हाडातल्या बायका 'मी आली, मी जेवली' म्हणतात. व्याकरणाच्या पुस्तकातली बाई 'मी आले' म्हणते. पण ती कुठे राहते ते मला अद्याप कळलेले नाही. मी पहिल्यांदा "मी जेवलो" म्हटले, तेव्हा धाकटे दीर दाराकडे पाहू लागले, कोण पाहुणा जेवून गेला म्हणून. पुढे इथल्याच महाविद्यालयात मराठीची अधिव्याख्याती झाले आणि दोन्ही क्रियापदे खुंटीला टांगून 'मी आले' म्हणू लागले. पगार त्याचाच होता.

आता सांगते ती गोष्ट हसण्यासारखी नाही. तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे महाविद्यालयातली मंडळी चहाला आली होती. आमची नऊ वर्षांची कन्या अंगणातून धावत आली आणि ओरडली, "आई, मी आली!" चार प्राध्यापकांसमोर माझे नाक खाली गेले. मी म्हटले, "आली नव्हे, आले. अडाण्यासारखं बोलू नये." कोपऱ्यात सासूबाई वाती वळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. हातातली वात तेवढी पुरी केली.

त्या रात्रीपासून घरातली गोष्ट बंद झाली. रोज निजताना आजीची एक गोष्ट व्हायची. ती आता 'उद्या' वर जाऊ लागली. शेवटी मुलीने हट्ट धरला, तेव्हा आजी हळूच म्हणाली, "माह्या भाषेनं तुही भाषा बिघडीन वं बाई." मी पलीकडच्या खोलीत उत्तरपत्रिका तपासत होते. लाल शाईचे पेन हातातच राहिले. संस्कृत साहित्यशास्त्र्यांनी उत्तम शैलीला वैदर्भी म्हटले, हे मी दरवर्षी वर्गात सांगत होते. आणि विदर्भातल्या एका म्हातारीचे तोंड मी माझ्याच घरात बंद केले होते.

माफी मागावी, तर सूनपण आडवे येई. दोन-तीन आठवडे असेच गेले. कार्तिकात एका रविवारी रिद्धपूरला जायचे ठरले. अमरावतीच्या उत्तरेला, मोर्शी तालुक्यात, महानुभावांचे हे मोठे क्षेत्र. 'लीळाचरित्र' शिकवता शिकवता माझी इतकी वर्षे गेली, पण एवढ्याशा अंतरावरचे हे गाव मी पाहिले नव्हते. "कोल्हापूरहून अमरावती जवळ वाटली, अमरावतीहून रिद्धपूर लांब वाटलं होय?" असे आमच्या घरच्यांनी विचारलेच. सासूबाई देवदर्शन म्हणून निघाल्या. रस्त्याला दुतर्फा कापूस फुटलेला, मधूनमधून संत्र्याच्या बागा; गाडीत मात्र कुणी फारसे बोलत नव्हते.

राजमठात दर्शन झाले. हे गोविंदप्रभूंचे ठिकाण. मुलीने विचारले, म्हणून मी सांगू लागले. श्रीचक्रधर उत्तरेकडे निघून गेल्यावर त्यांची शिष्यमंडळी इथे गोविंदप्रभूंपाशी येऊन राहिली. गोविंदप्रभूंना एकदा लग्नाची लहर आली. शिष्यांनी लग्नाची तयारी केली, आणि वरासाठी गाणी म्हणायला महदाइसा पुढे झाली. तिने गायिलेले धवळे रुक्मिणीच्याच लग्नाचे. मराठीतली पहिली ज्ञात कवयित्री ती हीच. आणि म्हाइंभटांनी गावोगाव हिंडून, ज्यांनी जे पाहिले-ऐकले ते विचारून, १२७८ च्या सुमारास इथेच 'लीळाचरित्र' सिद्ध केले. मराठी गद्याचा तो पहिला मोठा ग्रंथ.

सासूबाई खांबाला टेकून ऐकत होत्या. मग मी 'स्मृतिस्थळा'तली आठवण सांगितली. केशोबासांना ग्रंथ संस्कृतात रचायचा होता; नागदेवाचार्यांनी अडवले. संस्कृतात लिहाल तर माझ्या म्हाताऱ्या बायका त्याला मुकतील, असा त्यांच्या म्हणण्याचा भाव होता. म्हणून मराठीच.

सांगता सांगता माझा आवाज कापला. दरवर्षी पन्नास मुलांपुढे हे वाक्य मी खडखडीतपणे सांगत आले होते. म्हाइंभटांनी किती जणांना बोलते केले! त्यांतल्या कुणाला 'असे नव्हे, असे म्हण' म्हणून त्यांनी अडवले असते, तर आज मी शिकवले काय असते?

सासूबाई क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मंग एवढे दिवस तू आमचंच आमाले शिकवून राहिली होती काय वं?"

"होय, आई," मी म्हटले. "आणि चुकीचं शिकवत होते. पोरीला आज रात्री गोष्ट सांगा."

"कोनत्या भाषेत?"

"तुमच्या."

परतताना गाडीत त्यांनी आपण होऊन लग्नातले एक जुने गाणे धरले. माझ्या लग्नात त्यांनी ते म्हटले होते, आणि 'डोळे' च्या जागी 'डोये' ऐकून आम्ही कोल्हापूरच्या मुली तोंडावर पदर घेऊन हसलो होतो. आता मी पर्समधून वही काढली आणि 'डोये' तसेच लिहून घेतले. आता ती वही निम्मी भरली आहे. रिद्धपूरलाही आता मराठी भाषा विद्यापीठ झाले आहे, आणि २०२४ च्या ३ ऑक्टोबरला केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषा ठरवले. ती बातमी मी सासूबाईंना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "बरं झालं. वरणात सांभार टाकला का?"

गेल्या दिवाळीत भाऊबीजेला कोल्हापूरला गेले. दारात रिक्षा थांबली आणि नकळत तोंडून गेले, "आई, मी आली!"

आतून आईचा आवाज आला, "आली काय म्हणतीस? एवढी शिकलेली तू. आलो म्हण की नीट!"