आकाशास कान असतात

भिंतीस कान असतात, असें आपलीं वडील माणसें सांगत आलीं. त्यांच्या काळीं दार लावून हळूं बोललें म्हणजे गुपित सुरक्षित राही. आतां आपलें बोलणें आकाशांतून जातें, आणि आकाशास दार नाहीं.

माझे मामा व्यापारी जहाजावर नोकरीस आहेत. भर समुद्रांतून त्यांचा आवाज आमच्या घरीं येतो, तो उपग्रहाच्या द्वारें. आजोबांचें दुखणें, पैशांची ओढाताण, हें सारें ते मामींशीं बोलतात. विषुववृत्तावर सुमारें ३५,७८६ किलोमीटर उंचीवर स्थिर भासणारा उपग्रह असे शब्द पृथ्वीवर परत पाठवितो, तेव्हां त्यांची छाया शेंकडों मैल पसरते. एका शेतासाठीं पडलेला पाऊस शेजारचें शेतही भिजवितो, तशांतला हा प्रकार. सन २०२५ मध्यें अमेरिकेंतील कांहीं विद्यापीठीय संशोधकांनीं सुमारें ८०० डॉलरांच्या साध्या सामग्रीनें असे संदेश टिपल्याचें जाहीर केलें. त्यांत कित्येक संभाषणें सांकेतिक रूप न देतांच पाठविलेलीं आढळलीं. हें वाचून मला मामींची आठवण झाली.

संदेशास संकेताचें कुलूप लावणें हा रूढ उपाय होय. परंतु किल्ली दुसऱ्याच्या हातीं सुखरूप पोंचली पाहिजे. सन १९७५ मध्यें आरन वायनर या गणितज्ञानें निराळा मार्ग दाखविला. चोरून ऐकणाराच्या कानीं पडणारा आवाज खऱ्या श्रोत्याच्या आवाजापेक्षां अधिक अस्पष्ट असेल, तर संदेशाची योग्य गुंफण करून किल्लीवांचूनही गुपित राखतां येतें, असें त्यानें सिद्ध केलें. म्हणून शास्त्रज्ञ उपग्रहाचा झोत अरुंद करितात. तसेंच अनेक अँटेनांच्या साह्यानें असा कृत्रिम गोंगाट सोडण्याची योजना करितात कीं, तो खऱ्या श्रोत्यापाशीं विरून जावा व इतरांस मात्र बाधावा.

यांत अडचणही मोठी आहे. चोर आपला ठावठिकाणा सांगत नाहीं, आणि तो श्रोत्याच्या अगदीं शेजारींच बसला, तर दोघांसही जवळजवळ सारखेंच ऐकूं येतें. यास्तव ही युक्ति कुलपाच्या जोडीला असावी, त्याच्या जागीं नव्हे, असें मला वाटतें.

विद्यार्थिमित्रांनो, गुपितें केवळ राजांचीं व सेनापतींचींच असतात असें नाहीं. गरिबाच्या घरची अडचण हेंही एक गुपितच आहे. वर्गांत गणित रुक्ष वाटूं लागेल, तेव्हां त्याच गणितानें कोणा खलाशाच्या कुटुंबाची लाज राखली जाते, हें आपण ध्यानीं ठेवावें.